अदृश्य हानी आणि गृहस्थाचा धर्म

आपल्या हातून घडलेल्या ज्या कृत्याचा परिणाम आपणांस दिसत नाही, ज्या मनुष्यास तो भोगावा लागतो त्याची आपली ओळख नाही, आणि ज्याचे माप काढू गेल्यास ते शून्याहून फारसे निराळे भरत नाही, अशा कृत्याबद्दल आपण दोषी ठरतो काय? नीतिशास्त्र शिकविताना हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे पुष्कळ वेळा ठेवला आहे. वर्गात त्याचे उत्तर देणे सोपे असते. एक पक्ष कान्टच्या बाजूस जातो आणि म्हणतो की, हेतू शुद्ध असल्यास दोष नाही. दुसरा मिल्लच्या बाजूस जातो आणि परिणामांचा हिशेब मागतो. तास संपल्याची घंटा होते व दोन्ही पक्ष बरोबरच चहा घेण्यास निघून जातात. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र हाच प्रश्न आमच्या घराच्या गच्चीवर येऊन उभा राहिला, आणि तेथे घंटा होण्याची सोय नव्हती.

छत्रपती संभाजीनगर येथील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांस तेथील दुपारचे वर्णन करून सांगावयास नको. पारा ४२ अंशांवर गेला होता. आमच्या मातोश्रींच्या खोलीतील वातानुकूलन यंत्र त्याच सुमारास बंद पडले. मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी. हृदयाचे दुखणे जुने. यंत्रही सोळा वर्षांचे जुने असून त्यात आर-२२ या नावाचा वायू आहे, अशी पट्टी त्यावर चिकटवलेली होती. कारागीर आला, त्याने गच्चीवरील पेटी उघडून पाहिली, आणि तांब्याची नळी एका ठिकाणी चिरली आहे, झाळकाम करावे लागेल, तत्पूर्वी उरलेला गॅस काढून टाकावा लागेल, असे सांगितले. बोलता बोलता त्याने पान्याने नट सैल केला. सापाच्या फूत्कारासारखा आवाज होऊ लागला. आम्ही विचारले, "बाबा, हा गॅस टाकीत भरून घ्यावयाचा असतो ना?" तो म्हणाला, "त्याची मशीन असते सर, पण आमच्या दुकानात नाही. हवाच आहे, हवेत जाते." आम्ही त्यास थांबवू शकलो असतो. तसे केले असते तर तशा यंत्राचा शोध करण्यात दोन-चार दिवस गेले असते, आणि खाली मातोश्री कपाळावर ओले फडके ठेवून पडल्या होत्या. आम्ही "बरे" म्हणालो. आवाज मिनिटा-दोन मिनिटांत थांबला. कसलाही वास आला नाही, कसलाही रंग दिसला नाही.

तो वायू कोठे गेला, हे आम्हांस ठाऊक होते; आमची अडचण हीच आहे. ठाऊक नसते तर हा लेख लिहावा लागला नसता.

वाचकांपैकी बहुतेकांना ओझोनच्या थराची गोष्ट माहीत आहे; तरीही तिच्यातील दोन-चार मुद्दे पुनः सांगणे आवश्यक आहे, कारण आमचा प्रश्न त्यांतूनच निघतो. आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन. १८३९-४० च्या सुमारास शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला व त्याच्या उग्र वासावरून ग्रीक शब्द घेऊन त्याचे नाव ठेवले. जमिनीलगत हा वायू विषासारखा असतो. मोटारींच्या धुरावर ऊन पडून तो तयार होतो आणि फुप्फुसांस व पिकांस बाधतो. परंतु पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर, ज्यास स्थितांबर म्हणतात त्या भागात, तोच वायू सूर्याचे घातक अतिनील किरण शोषून घेतो आणि खाली जीवसृष्टी शक्य होते. एकाच पदार्थास स्थानभेदाने विष आणि अमृत ही दोन्ही नावे द्यावी लागावीत, हे आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकास विशेष आवडण्यासारखे आहे. पण ते असो. सांगावयाचे ते हे की, हा थर विलक्षण विरळ आहे. आकाशातील सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीवरील दाबाखाली व शून्य अंश तपमानात पसरला तर त्याची जाडी सरासरीने तीन मिलिमीटर भरेल. आपल्या दख्खनवर तर त्याहूनही थोडी कमी; विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत निसर्गतःच हा थर पातळ असतो. ज्वारीची एखादी पातळ भाकरी, एवढेच काय ते आपले छप्पर.

या छपरास ज्याने धक्का दिला तो मनुष्य दुष्ट नव्हता. टॉमस मिजली हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या काळी बर्फाच्या कपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू वापरीत, आणि नळी फुटल्यास घरातील माणसे मरत. १९२८ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी यास पर्याय म्हणून क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचा वायू शोधून काढला. तो जळत नाही, त्यास वास नाही, तो कशाशीही संयोग पावत नाही. १९३० साली मिजलीने शास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू स्वतः छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझविली. विषारी नाही व ज्वालाग्राही नाही, या दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. याच गृहस्थाने मोटारीच्या तेलात शिसे मिसळण्याचीही युक्ती काढली होती, आणि तिच्याविषयी त्याच काळी शंका घेतल्या गेल्या होत्या, म्हणून त्या बाबतीत आम्ही त्याची तरफदारी करणार नाही. पण थंडगार वायूच्या बाबतीत त्याने मनुष्यजातीचे कल्याण केले, असेच कोणीही त्या वेळी म्हटले असते, व ते खरेही होते. १९४४ साली तो वारला. त्याच्या वायूचा गुण म्हणजे त्याचे न विघटणे. आणि तोच पुढे दोष ठरला. जमिनीलगत कशानेही न मोडणारा तो रेणू वर्षानुवर्षे तरंगत स्थितांबरात पोहोचतो, तेथे अतिनील किरणांनी फुटतो, आणि त्यातून सुटलेला क्लोरिनचा एक एक अणू ओझोनच्या हजारो, लाखभरही रेणूंचा संहार करतो. शीतकपाटांत भरलेल्या सीएफसी-१२ या वायूचे आयुष्य शंभर वर्षांच्या आसपास असते. मिजलीचा वायू मिजलीहून पुष्कळ अधिक जगला.

मिजलीस दोष द्यावा काय? आमची युरोपीय नीतिशास्त्रावरील पुस्तके येथे बहुधा "नाही" म्हणतील. जे जाणणे त्या काळी शक्यच नव्हते, त्याबद्दल मनुष्य अपराधी नसतो. हे उत्तर आम्हांस मान्य आहे. पण ते पुरेसे आहे असे वाटत नाही. कारण त्या उत्तराने मिजली मोकळा होतो, हानी मात्र बेवारस राहते.

येथे आम्हांस आपल्या जुन्या धर्मशास्त्रातील एक कल्पना आठवते. आमच्या इंग्रजी शिक्षणामुळे ती आम्ही तरुणपणी हसण्यावारी नेली होती. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी पाच 'सूना', म्हणजे पाच वधस्थाने, सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा किंवा जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. या पाच ठिकाणी घरधन्याच्या हातून रोज न कळत जीवहत्या होते, आणि तिच्या निष्कृतीसाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत. त्या ग्रंथातील इतर अनेक गोष्टी आम्हांस मान्य नाहीत, आणि ज्या समाजव्यवस्थेस त्याने आधार दिला तिचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही; या नगरात राहून ते करू धजणारा मनुष्य एक तर अज्ञ असेल किंवा निलाजरा. पण ही एक कल्पना निराळी काढून पाहण्यासारखी आहे. येथे गृहस्थास "चूल पेटवू नकोस" असे सांगितलेले नाही. "तुझा हेतू नव्हता, तेव्हा तू निर्दोष आहेस" असेही सांगितलेले नाही, आणि "मुंगी ती केवढी!" असेही म्हटलेले नाही. जगणे म्हणजे कोणाचे तरी नुकसान करणे होय. ते टळत नाही. म्हणून ते ऋण समजावे आणि रोजच्या रोज फेडावे, एवढेच म्हटले आहे. अपराध आणि ऋण यांत हा फार मोठा भेद आहे. अपराधास करणाऱ्याचा हेतू लागतो. ऋणास लागत नाही. बापाने घेतलेले कर्जही मुलास फेडावे लागते, आणि त्यात मुलाची अब्रू जात नाही. न फेडण्यात जाते.

आमच्या घरातील शीतकपाट ही सहावी सूना होय, असे आता आम्हांस वाटते. गच्चीवरील पेटी ही सातवी.

परंतु जुन्या कल्पनेत एक गोष्ट गृहीत होती, ती येथे मिळत नाही. केरसुणीखाली मुंगी मरते हे डोळ्यांस दिसते. आकाशातील छप्पर झिजते आहे हे कोणी पाहावे, आणि कशाने? हा भाग आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो, आणि या कथेतील खरा नीतिपाठही आमच्या मते येथेच आहे. म्हणून येथे थोडे थांबतो.

१९२० नंतरच्या दशकात ऑक्सफर्ड येथे डॉब्सन या शास्त्रज्ञाने ओझोन मोजण्याचे यंत्र तयार केले. त्यातील तत्त्व सुबोध आहे. सूर्याच्या अतिनील प्रकाशातून दोन जवळजवळचे किरण निवडावयाचे; एक असा की जो ओझोन भरपूर शोषतो, आणि दुसरा असा की जो जवळपास तसाच खाली येतो. दोहोंच्या तेजाची तुलना केली की वाटेत किती ओझोन होता हे कळते. एखाद्या गावी दोन प्रवासी निघाले, एकाच वाटेने आले, आणि एकाचीच शिदोरी लुटली गेली, तर वाटेवर चोर किती होते याचा अंदाज बांधता येतो, तसाच हा प्रकार. या मापास आज डॉब्सनचेच नाव आहे. तीनशे डॉब्सन म्हणजे आपले ते तीन मिलिमीटर. १९२८-२९ च्या सुमारास ही यंत्रे पृथ्वीवर निरनिराळ्या ठिकाणी धाडली गेली, त्यांपैकी एक आपल्या देशात कोडाईकनालच्या वेधशाळेत आले. त्या वेळी ओझोन नाहीसा होईल अशी शंका कोणाच्या स्वप्नातही नव्हती. हवामानाशी त्याचा काही संबंध आहे काय, एवढीच जिज्ञासा होती.

महाराष्ट्रातही हे काम झाले आहे, आणि ते आमच्या सुशिक्षित कुटुंबांत फारसे कोणास ठाऊक नाही याची आम्हांस खंत वाटते. १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आलेली वेधशाळा, जिला जुने पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतात, तेथे सर चंद्रशेखर रामन यांचे शिष्य डॉ. के. आर. रामनाथन यांनी काम केले. ते पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. १९४९ साली रामनाथन व आर. व्ही. करंदीकर यांनी उष्ण प्रदेशांत कोणत्या उंचीवर किती ओझोन असतो, याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. आणि हवेतील धूळ व धुके यांमुळे डॉब्सनच्या यंत्राच्या मापनात कोणती चूक शिरते, याचीही त्यांनी चिकित्सा केली. आपल्या धुळीच्या देशात राहणाऱ्या मनुष्यासच ही शंका यावी, हे योग्यच झाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या हवामान खात्यात ओझोन मोजणारे देशी फुग्याचे यंत्र तयार झाले. एका लहानशा कुपीत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण. छोटा पंप बाहेरची हवा त्यातून बुडबुड्यांनी सोडतो. हवेत ओझोन असेल तितके आयोडिन सुटते आणि तितका विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो. तो बिनतारी यंत्राने खाली कळविला जातो. फुगा तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत चढतो, चढता चढता फुगत जातो, आणि शेवटी फुटतो. १९७० नंतर पुणे, दिल्ली व त्रिवेंद्रम येथून असे फुगे नियमाने सोडले गेले, आणि आपल्या लोकांनी अंटार्क्टिकातील भारतीय तळावरूनही ते सोडले.

पुण्यावरील ओझोनला मोठे भगदाड कधी पडले नाही. उष्ण कटिबंधात तसे झालेच नाही. मग ही इतक्या वर्षांची टिपणे व्यर्थ गेली काय? या प्रश्नाचे उत्तर दक्षिण ध्रुवाजवळून आले. हॅली येथील ब्रिटिश तळावर १९५६ पासून डॉब्सनचे यंत्र चालविले जात होते. वर्षानुवर्षे तोच आकडा लिहावयाचा. ऑक्टोबर महिन्यात सुमारे तीनशे. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांस १९८० च्या सुमारास दिसू लागले की, ऑक्टोबरचा आकडा उतरतो आहे. यंत्र जुने झाले असेल म्हणून त्यांनी नवे यंत्र नेले. आकडा तरीही उतरलेलाच. १९८४ च्या ऑक्टोबरात तो दोनशेच्या खाली होता. मे १९८५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि जग हादरले. विशेष हे की, अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून वरून तेच आकाश पाहत होता. त्याच्या गणनयंत्रास अशी आज्ञा होती की, १८० च्या खालचा आकडा आल्यास त्यास संशयित म्हणून खूण करावी. तसे आकडे येत होते, त्यांवर खुणा होत होत्या, आणि शास्त्रज्ञ ते चुकीचे तर नाहीत ना याचा काथ्याकूट करीत होते. जे असंभाव्य आहे असे आपण आधी ठरवितो ते डोळ्यांपुढे आले तरी आपण त्यास प्रथम डोळ्यांचा दोष समजतो. यासाठी उपग्रहास हसण्याचे कारण नाही. संसारात आपण प्रत्येक जण हेच करतो. मुलाच्या वागण्यात पडलेला फरक बापास सर्वांत शेवटी कळतो तो याच न्यायाने.

ज्यांनी धोका आधी ओळखला होता त्यांचीही कथा सरळ नाही. जेम्स लव्हलॉक याने स्वतः तयार केलेल्या नाजूक यंत्राने सीएफसी वायू अटलांटिक महासागरावरील हवेत सर्वत्र पसरलेले आहेत हे दाखविले, आणि १९७३ सालच्या आपल्या निबंधात त्यांपासून कसलाही धोका संभवत नाही असे लिहून टाकले. पुढल्याच वर्षी, १९७४ मध्ये, मोलिना व रोलंड यांनी त्यांचे क्लोरिन ओझोन खाईल हे गणिताने दाखविले. पुढे १९९५ साली क्रुटझेन यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे एकाच वस्तूकडे पाहून एक थोर शास्त्रज्ञ निश्चिंत होतो व दुसरे दोघे चिंतातुर. आम्ही लव्हलॉकला हिणवीत नाही. त्याचे यंत्र नसते तर दुसऱ्यांची चिंता हवेतच राहिली असती. पण जाणणे म्हणजे केवळ आकडा हाती असणे नव्हे, एवढे यावरून समजते.

आता आमच्या एका किलोच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या यंत्रात सुमारे तेवढाच वायू असावा. त्यातला काही आधीच गळून गेला होता. आर-२२ हा मूळ सीएफसीच्या मानाने सौम्य आहे. त्याचा बराचसा भाग वर पोहोचण्यापूर्वीच नाश पावतो, आणि ओझोनचा संहार करण्याची त्याची शक्ती सीएफसीच्या पाच-साडेपाच टक्केच धरतात. पृथ्वी तापविण्याच्या कामी मात्र तो अंगारवायूच्या सुमारे अठराशेपट बलवान आहे. हा हिशेब करून आम्ही मनाचे समाधान करू पाहिले, आणि मग एक निराळा हिशेब केला: एक किलो आर-२२ मध्ये रेणू किती? सातावर चोवीस शून्ये. तेव्हा समाधान गेले. संख्या मोठी झाली म्हणून अपराध मोठा होत नाही हे खरे. पण वजन लहान झाले म्हणून तो लहान होतो, हेही मग म्हणता येत नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जगात वर्षास दहा लाख टनांच्या आसपास सीएफसी तयार होत असे. तो सगळा कोणाच्या ना कोणाच्या शंभर-दीडशे ग्रॅमच्या शीतकपाटातून, केसांवर मारण्याच्या फवाऱ्याच्या डब्यातून, गादीच्या फेसातून वर गेला. दक्षिण ध्रुवावरील भगदाड ज्याने पाडले असा एकही मनुष्य दाखविता येत नाही, आणि ते मनुष्यांनीच पाडले हे तर निर्विवाद आहे.

आमच्या नगरात याचा एक जुना दाखला आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डोंगरांच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून नळांनी शहरात आणले. पुढच्या शतकात पाणचक्की चालली ती अशाच दुसऱ्या नहरीवर. वाटेत हवा सोडण्यासाठी व दाब सांभाळण्यासाठी मनोऱ्यासारखे बंबे उभारले होते. त्यांपैकी काही अद्याप दिसतात. नळ जमिनीखाली, म्हणून कोणास दिसत नसत. त्यांवर कोणी भिंत बांधली, कोणी ओटा घातला, कोणी एक लहानसे छिद्र पाडून आपल्यापुरते पाणी घेतले. नहर कोणी तोडली, असे विचारल्यास कोणीच नाही. आज याच शहरात कित्येक वर्षे नळास पाणी आठवड्याच्या हिशेबाने येत आले आहे आणि सारा भार जायकवाडीवर आहे. तरी त्या नहरींच्या नाशाचा दोष आपला असे म्हणणारे एकही घर आम्हांस भेटलेले नाही. आमचेही त्यांतच धरावे.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की, हा दोष आपल्या देशाचा नव्हेच. थंड पाणी व थंड हवा शतकभर उपभोगली ती अमेरिकेने व युरोपाने, आणि आपल्या मातोश्रींस चौऱ्याऐंशीव्या वर्षी थोडा गारवा मिळू लागला तर पापपुण्याचा हिशेब! हा आक्षेप हलका नाही. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला तेव्हा भारताने त्यावर सही केली नाही, ती याच न्यायाच्या मागणीवरून. ज्यांनी छप्पर झिजविले त्यांनी इतरांस नवी विद्या व पैसा द्यावा, असे भारत व चीन यांचे म्हणणे होते. १९९० साली लंडनच्या परिषदेत त्यासाठी निधी स्थापन झाला, आणि १९९२ साली भारत करारात आला. विकसनशील देशांस मुदतही अधिक मिळाली. आमच्या मते जगाच्या इतिहासात न्यायाची मागणी आणि कर्तव्याचा स्वीकार इतक्या नीटपणे एकमेकांस जोडले गेल्याची उदाहरणे थोडी आहेत. आणि भारताने ते शब्द पाळले. सीएफसीचा वापर, दम्याच्या रुग्णांच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता, ठरल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, १ ऑगस्ट २००८ पासून थांबविला. आर-२२ च्या जातीचे वायू घालून नवी यंत्रे तयार करण्यासही ३१ डिसेंबर २०२४ नंतर मनाई झाली आहे. राष्ट्राने आपला वाटा उचलला. पण राष्ट्राने ऋण मान्य केले म्हणून गच्चीवरील गृहस्थ त्यातून सुटला काय? सरकारी गॅझेटास पान्याने नट आवळता येत नाही.

कायद्यापुढे जी गोष्ट संपते ती पहाऱ्यापुढे संपत नाही, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. सीएफसी-११ हा वायू तयार करणे २०१० पासून जगभर बंद झालेले होते. हवेतील त्याचे प्रमाण ठरल्या गतीने उतरावयास हवे होते. २०१८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की, ते प्रमाण अपेक्षेइतक्या वेगाने उतरत नाही; कोणी तरी चोरून तो वायू तयार करीत आहे. पुढल्या वर्षी कोरियातील गोसान व जपानातील हातेरुमा या दोन ठिकाणच्या नोंदी वाऱ्याच्या दिशांशी ताडून पाहता चोरीचे स्थळ पूर्व चीनमधील शान्तुंग व हपै या प्रांतांच्या आसपास सापडले. त्यानंतर तो वायू पुनः कमी होऊ लागला. कोणा हेराने हे केले नाही. बेटावर बसून कोणी तरी रोजचा आकडा लिहीत होता. पंचसूनांच्या निष्कृतीस जे नित्य यज्ञ सांगितले, त्यांची आजची जागा कोणी घेतली असेल तर ती या नित्य टिपणाने, असे आम्हांस वाटते. त्यास फळ मागण्याचा अधिकार नाही. पुण्याच्या फुग्यासारखे ते चढते आणि फुटते.

मात्र येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. निष्कृतीची सोय झाली की मनुष्य पाप अधिक निर्धास्तपणे करू लागतो. रोजचा वैश्वदेव आटोपला की दिवसभर कोणास नाडावयास मोकळीक, असे मानणारे गृहस्थ आम्ही लहानपणी पाहिले आहेत. विमानाच्या तिकिटाबरोबर चार झाडांचे पैसे भरून निश्चिंत होणारे आज पाहतो. म्हणून ऋणाची कल्पना मान्य केली तरी तिच्यात थोडीशी टोचणी शिल्लक राहिलीच पाहिजे. जे ऋण अगदी सुखाने फिटते ते बहुधा फिटलेलेच नसते.

शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे, सर्वांनी करार पाळला तर दक्षिण ध्रुवावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० सालच्या पातळीवर येईल. उत्तर ध्रुवावर २०४५, इतरत्र २०४० च्या सुमारास. फार्मन २०१३ साली वारले. आम्ही आज पन्नाशी ओलांडली आहे. २०६६ हे साल आमच्या हिशेबात येत नाही.

यंदा मातोश्रींच्या खोलीत नवे यंत्र घेतले. त्यातील वायू ओझोनला अपाय करीत नाही. पृथ्वीस तापविण्याचे काम मात्र तोही करतो, आणि त्याचेही दिवस २०१६ च्या किगाली येथील ठरावाने मोजलेले आहेत. प्रश्न जुन्या यंत्राचा उरला. भंगारवाल्याने तांब्याच्या भावाने चांगली रक्कम सांगितली. पण तो नळी करवतीने कापणार हे उघड होते. गेल्या वर्षीच्या कारागिरास बोलावून आम्ही त्यातील वायू बाहेरच्या पेटीतच कोंडून घेतला व दोन्ही झडपा बंद करविल्या. मग वायू टाकीत भरून घेणारे यंत्र कोणाजवळ आहे याची चौकशी सुरू केली. पहिल्या दोन दुकानांत त्याचे नाव कोणी ऐकले नव्हते. तिसऱ्याने, आहे, पण दिवाळीनंतर पाहू, आणि त्याचे पैसे निराळे पडतील, असे सांगितले. आकडा भंगारवाल्याच्या रकमेहून अधिक होता. तूर्त ती पेटी गच्चीच्या कोपऱ्यात विटांवर ठेवली असून तिच्यावर एक जुनी सतरंजी टाकली आहे. भंगारवाला दर रविवारी खालून हाक मारतो. परवा मातोश्री पापड वाळत घालण्याचे निमित्त करून वर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही रिकामी पेटी कशाला ठेवली आहेस जागा अडवून?"

"रिकामी नाही, आई," आम्ही म्हणालो. "तिच्यात हवा आहे."